भिंतीवरचा निवेदक

कथा वाचताना ‘निवेदक कोण?’ हा प्रश्न साहित्याचा विद्यार्थी सवयीने विचारतो. भिंतीवरच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्याला मात्र तो प्रश्न कोणी विचारत नाही. यंत्राला मन नाही, पक्ष नाही, म्हणून निवेदकही नाही, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक तपासायला हवे. कारण अशा दृश्यांवर आज माणसाची अब्रू, प्रसंगी स्वातंत्र्यही अवलंबून असते.

नेटवर्क कॅमेऱ्याच्या मेनूत ‘एक्स्पोजर’ नावाचा एक विभाग असतो. प्रकाश किती वेळ आत घ्यायचा आणि मिळालेला संकेत किती वाढवायचा, हे तिथे ठरते. बहुतेकदा तो ‘ऑटो’वर सोडलेला असतो. पण ऑटो म्हणजे निःपक्षपात नव्हे. ढोबळमानाने सांगायचे तर कॅमेरा चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढून ती मध्यम करड्या छटेजवळ आणतो. इमारतीच्या आतून दाराकडे रोखलेला कॅमेरा भर दुपारी बाहेरचा रस्ता तपशिलात दाखवतो, आणि दारातून येणारा माणूस नुसती काळी आकृती होतो. चौकटीत उजेडाचे बहुमत असते, म्हणून निकाल उजेडाच्या बाजूने लागतो. सावळा चेहरा मुळातच कमी प्रकाश परतवतो. त्यामुळे या व्यवहारात तो आधी बुडतो.

उपाय आहेत, पण प्रत्येक उपायाची किंमत आहे. ‘वाइड डायनॅमिक रेंज’ कमी-अधिक एक्स्पोजरच्या प्रतिमा एकत्र जुळवते. त्यात हलत्या माणसाच्या कडा दुहेरी होऊ शकतात. रात्री शटर सेकंदाचा पंचविसावा भाग उघडे ठेवले, तर अंगण उजळते आणि धावणाऱ्याचा चेहरा फरफटतो. शटर जलद करून गेन वाढवला, तर चित्रभर कण उमटतात. ते पुसताना चेहऱ्याचे बारकावेही पुसले जातात. काय दिसावे आणि त्यासाठी काय गमवावे, ही निवड टळत नाही. निवड आली की निवेदक आलाच. मग ती निवड तंत्रज्ञाने केलेली असो वा कारखान्यातून तशीच आलेली.

सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीरसिंग सैनी प्रकरणात देशभरातील पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. रात्री दिसण्याची सोय आणि ध्वनिमुद्रण त्यात आवश्यक ठरवले. कोठडीतल्या माणसासाठी हा मोठाच आधार आहे. पण तोच कॅमेरा खिडकीच्या उजेडाने आंधळा झाला असेल, तर आदेशाचे पालन कागदावर होते आणि मारणारा हात अंधारात राहतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातील प्रमाणपत्राचा नमुना उपकरणाची ओळख आणि हॅश मूल्य विचारतो. चित्रण नंतर बदलले गेले नाही, हे त्यातून पडताळता येते. ते मुळात कोणत्या एक्स्पोजरने घडले, हे कळत नाही. संहिता अस्सल ठरते, निवेदन तपासायचे राहून जाते.

हे तंत्रज्ञांचे काम, समीक्षकांचा इथे काय संबंध, असा आक्षेप येईल. तो मला मान्य नाही. निवेदकाने काय वगळले आणि कोणाला पार्श्वभूमीत ढकलले, हे शोधण्याचे शिक्षण आपल्याच विद्याशाखेत मिळते. ते छापील पानापुरते राखून ठेवण्याचे कारण नाही.

मागणी साधी आहे. कॅमेरा बसवल्यावर दुपारी आणि रात्री एका माणसाला त्याच्यासमोरून चालत न्यावे, चेहरा ओळखू येतो का ते पाहावे. शटर, गेन आणि इतर मांडणी तारखेसह नोंदवावी. आणि चित्रण पुरावा म्हणून पुढे येईल तेव्हा ही नोंद त्याच्यासोबत असावी. पडद्यावर एखादा माणूस काळी आकृती म्हणून दिसला, तर तो तसा का दिसतो, हे विचारण्याचा हक्क निदान त्या माणसाला तरी मिळायला हवा.