घाटाला टँकर नको, वाफसा द्या



चैत्र जवळ आला की यात्रा कमिट्यांचे बॅनर लागतात. पहिल्याला ट्रॅक्टर, दुसऱ्याला बुलेट, आकडे हातभर अक्षरांत. घाटाच्या मातीवर किती खर्च केला, हे मात्र कुठल्याच बॅनरवर नसतं. कारण तो केलेलाच नसतो. आदल्या दिवशी जेसीबी फिरवायचा, चार ट्रॉल्या मुरूम पसरायचा, सकाळी टँकर मारायचा, झाला घाट तयार!

याला मी तयारी म्हणत नाही. ही मुक्या जनावराची फसवणूक आहे.

सकाळी मारलेलं पाणी वरच्या अर्ध्या इंचातच राहतं. खाली ठणठणीत, वर निसरडी साय. आमच्या पुणे जिल्ह्यात गाड्यापुढं घोडी धावते, तिच्या पायात लोखंडी नाल. अशा जमिनीवर ती घसरली तर स्वारासकट मागून येणाऱ्या बैलांखाली जाते. बैलाचा खूर दोन फाकांचा. मऊ भुईत तो फाकतो आणि पकड घेतो. कडक भुईत सगळा दणका सांध्याला बसतो. थांबताना तर सगळा भार पुढच्या पायांवर येतो, आणि नेमकी निशाणाच्या पुढची थांबायची जागाच दगडगोट्यांची ठेवतात. गेल्या हंगामात एका घाटात तिथंच एका खोंडाचा पुढचा पाय गेला. स्पीकरवर मात्र पुढच्या बारीचा पुकारा चालूच होता.

काहीजण म्हणतात, "नदीची वाळू टाका, मऊ होईल." नदीची वाळू गोल कणांची, पायाखाली मोहरीसारखी सरकते. चार-पाच इंच टाकली तर पाय रुततो आणि शिरा ताणतात. मऊ म्हणजे सुरक्षित नव्हे. काहीजण म्हणतात, "वाडवडील असंच पळवत होते." अहो, तेव्हाचा बैल वर्षभर औताला आणि एक-दोन यात्रांपुरता घाटाला. आता तोच बैल हंगामभर या घाटातून त्या घाटात.

आपण शेतकरी आहोत, माती आपल्याला कळते. पेरणीला वाफसा लागतो तसाच घाटालाही लागतो. काम दिवाळीनंतर सुरू करा. खालचा थर रोलरनं दाबून पक्का करा. मधे उंच, दोन्ही कडांना शंभर फुटाला एक-दोन फूट उतार आणि कडेनं चर. नाहीतर चढाचं पाणी लांबीनं वाहून घळी पाडतं. वर चाळलेली माती आणि कोनदार कणांची, धुतलेली क्रश सँड मिसळून दोन-अडीच इंचांचा थर. काळी माती नको, ती भिजली की चिकटते, सुकली की भेगाळते. माती कशी आहे हे बाटलीत पाणी घालून हलवून बघा. वाळू मिनिटात खाली बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती सगळ्यात शेवटी. पाणी आदल्या संध्याकाळपासून थोडं थोडं, दोन-तीन वेळा मुरवा. दर दहा-पंधरा बाऱ्यांनी फळी फिरवा, खुरांचे खड्डे भरून निघतील.

१६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतीला परवानगी दिली, १८ मे २०२३ ला कायदाही वैध ठरवला. पण त्या परवानगीला अटी आहेत. दगडाळ, चिखलाच्या जागी शर्यत नको, असं नियमच सांगतात. जनावरं अशीच मोडत राहिली तर उद्या पुन्हा बंदी मागणाऱ्याला पुरावा आपणच दिलेला असेल.

म्हणून कमिट्यांना सांगणं आहे, बक्षिसातली एक मोटारसायकल कमी करा आणि ते पैसे घाटात घाला. आणि गाडामालकांनो, टोकन मिळालं म्हणून लगेच जुंपू नका. आधी घाटात तीन जागी, थांबायच्या जागेसकट, दोन इंच खालची माती उकरून मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटानं टोचल्यावर फुटला, तर जुंपा. चिखल निघाला, धूळ निघाली किंवा उकरताच आली नाही, तर बैल टेम्पोत चढवा आणि घरी या. दहा मालक असे माघारी फिरले की पुढच्या वर्षी घाट आपोआप नीट होईल.