करंट्याचे झुडूप

माझी भाची फिनलंडमधल्या ओउलू या गावी राहते. तीन वर्षांपूर्वी तिने कळवले, "मामा, अंगणात करंट लावलाय." मराठी शिकवण्यात ज्याची हयात चालली आहे, त्याला 'करंट' म्हटले की आधी करंटाच आठवायचा! मग उलगडा झाला. तांबड्या मण्यांसारख्या फळांचे हे झुडूप. इंग्रजी नाव ग्रीसमधल्या कॉरिन्थच्या बारीक मनुकांवरून पडलेले. फिनिश लोक मात्र त्याला 'पुनाहेरुक्का' म्हणतात. त्यातले 'पुना' म्हणजे तांबडे. आम्ही पडलो पुणेकर. पोरीने नेमके हेच झुडूप का निवडले, ते मी विचारले नाही.

ओउलूला डिसेंबरात सूर्य जेमतेम साडेतीन तास दिसतो आणि पारा कधी कधी उणे 30 अंशांवर उतरतो. मी तत्परतेने सल्ला दिला, "कुंडीत लाव आणि घरात घे." शेजारच्या आजीबाई पोट धरधरून हसल्या म्हणे! या झुडपाला गारठ्यात काही आठवडे निजल्याखेरीज डोळे धड फुटत नाहीत. बर्फही झटकायचा नाही. मुळांचे पांघरूण तेच. आणि फळ धरते ते मुख्यतः दोन-तीन वर्षांच्या फांदीवर.

दोन-तीन वर्षे! जावईबापू तर "दोन वर्षांत परत येतो" असे सांगून गेलेले. ताई एवढेच म्हणाली, "झाड लावलं ना? मग झालं."

खरे संकट आले यंदाच्या जूनमध्ये. उणे 30 सोसणारे हे झुडूप फुलोऱ्यावर आले, की उणे दोन-तीनलाही हार खाते. त्या दिवसांत तिकडे रात्री अंधार होत नाही. पण गारठा काही उजेडाला विचारून येत नाही. भाचीने मध्यरात्री बाहेर जाऊन, ताईने बांधून दिलेले जुने सुती पातळ झुडपावर पांघरले आणि कडांवर दगड ठेवले. पहाटे पातळ पापडासारखे कडक झाले होते. बाहेर राहिलेली शेंड्याची फुले काळी पडली, आतली वाचली.

परवा दिवाळीला दोघे आली, ती जेलीची बरणी घेऊन. रंग थेट आमसुलाच्या सरबताचा. परत येण्याचा विषय कोणीच काढला नाही. ताईने बोटभर जेली चाटली, "आंबट आहे गं," म्हणाली, आणि बरणी उचलून स्वतःच्या कपाटात ठेवून आली.