‘चालायचेच’ म्हणण्यापूर्वी

विरारहून अर्नाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आगाशी लागते. भवानीशंकराचे देवालय, त्याचे तळे, केळीच्या वाड्या आणि राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी ही या गावाची पूर्वापार ओळख. अलीकडे मात्र वसई-विरारच्या सगळ्याच पट्ट्यात एक शब्द फार वेळा कानी पडतो. विहिरीचे पाणी मचूळ झाले, चालायचेच. पहिल्याच मोठ्या पावसात रस्ता पाण्याखाली गेला, चालायचेच. शेजारी परवानगीवाचून इमारत उभी राहिली, चालायचेच. या शब्दात तक्रार नाही आणि संतापही नाही. म्हणूनच तो अधिक चिंताजनक आहे.

या वृत्तीला समाधानाचे नाव देण्याचा मोह अनेकांना होतो. संतांनी समाधान शिकवले हे खरेच. परंतु ते समाधान स्वतःच्या हावेला आवर घालण्यासाठी होते, समाजावरील संकटाकडे पाठ फिरविण्यासाठी नव्हे. समर्थांनी तर प्रयत्नालाच देव मानण्याची शिकवण दिली. वार्धक्य, वियोग, निसर्गाचा कोप यांचा स्वीकार करावा लागतो, त्यात शहाणपण आहे. मात्र माणसांनी निर्माण केलेली आणि माणसांना बदलता येण्याजोगी दुरवस्था प्रारब्धाच्या खात्यावर मांडणे ही आत्मवंचना होय. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उपहासाने रचली, हे विसरता कामा नये.

आगाशीच्या मातीला हा धडा नवा नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभी येथे जहाजे बांधली जात. १५३०च्या सुमारास पोर्तुगीजांनी हे बंदर जाळले. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा प्रदेश त्यांच्या हवाली केला आणि पुढे २०५ वर्षे येथे परकी अंमल राहिला. देवळे पाडली गेली, उघड पूजाअर्चेवर निर्बंध आले, १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या धर्मन्यायालयाची दहशत या किनाऱ्यापर्यंत पोहोचली. दोन शतके म्हणजे सात-आठ पिढ्या. इतक्या काळात मनुष्य जुलमालाही ऋतुचक्राचा भाग समजू लागतो. आजोबांनी सोसले, वडिलांनी सोसले, मग नातवाला ते सोसणे स्वाभाविक वाटते. सत्तेच्या तोफांहून ही सवय अधिक बळकट असते.

ती सवय मोडण्यास पुढे आले ते कोणी मोठे सरदार नव्हते. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे बंधू, तसेच अंताजी रघुनाथ कावळे यांच्यासारखे स्थानिक पुढारी हे या परिसरातील प्रतिष्ठित गृहस्थ. त्यांच्याजवळ फौज नव्हती. परंतु कोणत्या खाडीला ओहोटी केव्हा लागते, पायउतार कोठे आहे, ठाण्याच्या कोटाचे बांधकाम कोठे अपुरे आहे, हे त्यांना ठाऊक होते. ही माहिती घेऊन ते वर्षानुवर्षे मराठी सत्तेचे दरवाजे ठोठावत राहिले. पुण्यापुढे निजाम होता, माळवा होता, दिल्ली होती. वसईचे गाऱ्हाणे मागे पडत गेले. नाईक मंडळी ‘आता चालायचेच’ म्हणून घरी बसली असती, तर इतिहासाने त्यांना दोषही दिला नसता. ती बसली नाहीत.

मार्च १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीवर धडकले. त्याच दिवसांत चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी साष्टीत प्रवेश केला. ठाणे पडले, आगाशीसमोरचे अर्नाळा बेट हाती आले. तरी वसईचा किल्ला मिळण्यास मे १७३९ उजाडावा लागला आणि त्यासाठी हजारोंनी प्राण वेचले. परिस्थिती बदलण्याचे मोल असते; ते नाकारणारा प्रामाणिक नव्हे. विजयानंतर शरण आलेल्यांना सन्मानाने जाऊ देण्यात आले आणि मागे राहणाऱ्यांना त्यांच्या उपासनेची मोकळीक मिळाली, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अन्याय संपविणे आणि सूड उगवणे यांतील अंतर त्या पिढीने ओळखले होते.

आज परकी सत्ता नाही. राज्य आपले, कायदे आपले. म्हणूनच ‘चालायचेच’ या शब्दाचा दोष आज अधिक गंभीर ठरतो. १९८०च्या दशकाअखेर वसईच्या हरित पट्ट्यावर नागरीकरणाचे सावट आले. टँकरसाठी विहिरींचा बेसुमार उपसा होऊ लागला. किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचा साठा असा उपसला की समुद्राचे खारे पाणी भूगर्भात आत सरकते आणि वाड्या करपू लागतात. त्या वेळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. त्यांच्याशी वैचारिक मतभेद असणाऱ्यांनीही या कामाचे श्रेय त्यांना मोकळेपणाने द्यायला हवे. खारे पाणी विहिरीत शिरताना मालकाचा धर्म विचारत नाही.

त्यानंतर लोकसंख्या वाढतच गेली. ३ जुलै २००९ रोजी महापालिका स्थापन झाली. २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर नोंदली गेली. २०२० मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि त्यापुढे पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. आपल्या प्रभागाला प्रतिनिधीच नाही, याची नागरिकांना हळूहळू सवय झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारमध्ये चार मजली इमारत कोसळून अनेक कुटुंबे गाडली गेली. अशी इमारत एका रात्रीत उभी राहत नाही. पाया खणला जाताना, मजले चढताना, घरे विकली जाताना शेकडो डोळे ते पाहत असतात आणि प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी ‘चालायचेच’ म्हणून पुढे निघून जातो. तो शब्द किती महाग पडतो, याचा हिशेब अशा ढिगाऱ्याखाली मिळतो.

यावर उपाय म्हणून प्रत्येकाने मोर्चा काढावा असे नाही. गंगाजी नाईकांच्या कार्यपद्धतीत तीन गोष्टी होत्या: आपल्या परिसराची नेमकी माहिती, ती घेऊन योग्य दारापर्यंत जाण्याची तयारी आणि दार उघडेपर्यंत न थकण्याची चिकाटी. तिन्ही आजही सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात आहेत. गावातील कोणता ओढा बुजविला गेला, कोणत्या तळ्यात भराव पडला, कोणत्या विहिरीचे पाणी केव्हापासून खारावले, याची नोंद दहा घरांनी मिळून ठेवली तरी ती निराधार तक्रार उरत नाही. २००५च्या माहिती अधिकार कायद्याने कागद मागण्याचा हक्क दिला आहे. घर घेण्यापूर्वी परवानगीचे कागद पाहणे हेही समाजकार्यच आहे.

यश लगेच येईल, अशी हमी कोणी देऊ शकणार नाही. पहिला अर्ज फेटाळला जाईल, दुसरा हरवेल, शेजारी हसतील. अंजूरच्या नाईकांनाही अनेकदा रिकाम्या हाताने परतावे लागले होते. मात्र त्यांच्या प्रत्येक फेरीने वसईचा प्रश्न जिवंत ठेवला. भवानीशंकराच्या तळ्याकाठी सायंकाळी निवांत बसणाऱ्या गावकऱ्यांनी एवढे आठवावे आणि पुढच्या वेळी ‘चालायचेच’ हा शब्द ओठांवर आला, तर तो उच्चारण्यापूर्वी क्षणभर थांबावे.