'नाहीये'ला हसू नका

परवा जेद्दात आमच्याकडे चार मराठी कुटुंबं जेवायला जमली होती. एका काकांनी माझ्या मुलाला विचारलं, "आई कुठाय रे?" तो म्हणाला, "आई घरात नाहीये, बकाल्यात गेलीय." काका हसले. "नाहीये? हे कुठलं मराठी? नुसतं 'नाही' म्हणावं!" पोरगं ओशाळलं. थोड्या वेळाने दुसऱ्या कुणी तेच विचारलं, तर म्हणाला, "शी इजन्ट हिअर." काका खूश! "वा, काय फाडफाड बोलतो!"

आता तुम्हीच सांगा, 'इजन्ट' म्हणजे काय? 'इज' आणि 'नॉट' यांची जोडणी. 'नाहीये' म्हणजे? 'नाही' आणि 'आहे' यांची. मग एकीला शाबासकी आणि दुसरीला हसू का?

'नाही'तच सगळं आलं, वर शेपूट कशाला, असं म्हणाल. मग ही दोन वाक्यं पाहा: 'तो जेवत नाही' आणि 'तो जेवत नाहीये'. पहिल्यात त्याची रीत कळते, दुसऱ्यात आत्ता ताटावर काय चाललंय ते कळतं. हे शेपूट नव्हे, अर्थ आहे. शिवाय शुद्ध म्हणून मिरवणारे 'नसणे' आणि 'नये' तरी काय आहेत? न आणि असणे, न आणि ये. जुनी जोडणी झाली की ती व्याकरण ठरते, एवढंच.

इंग्रजांचंही हेच. 'एन्ट' हा शब्द शतकानुशतकं लोकांच्या तोंडी आहे. तरी 1961 साली वेब्स्टरच्या मोठ्या कोशाने त्याला फारसं न झिडकारता जागा दिली, तेव्हा अमेरिकेत वर्तमानपत्रं खवळली. राग व्याकरणाचा कमी, तो शब्द बोलणाऱ्यांचा जास्त होता.

इथे जेद्दात दुकानदार 'मा फी' म्हणतो, म्हणजे 'नाहीये'. ग्रंथांतली अरबी असं बोलत नाही, पण आपण दुकानदाराला सुधारायला जात नाही, उलट आठवड्याभरात आपणही तेच म्हणू लागतो. शेजारचे हैदराबादी 'नक्को' म्हणतात. तो तर आपलाच 'नको', दख्खनीत रुळलेला. परक्यांनी तो मोडून का होईना, जपला. आपण आपल्याच पोराला हसून गप्प करतो.

परदेशात मराठी अशुद्ध बोलण्याने मरत नाही, ती लाजून मरते. माझ्या मुलाने त्या रात्री पुढे मराठीत एक शब्द उच्चारला नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुणाचं मूल 'नाहीये' म्हणालं, तर सुधारू नका. पुढचा प्रश्न मराठीत विचारा.