लिंबू एक, वस्तू अनेक : पनवेलचा खल आणि ध्रुवाकडे गेलेली जहाजे

१/ १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी पनवेल येथे ‘श्री धूतपापेश्वर’ ही आयुर्वेदीय औषधनिर्मिती संस्था स्थापन केली. १८७५ साली ब्रिटिश आरमाराची ‘अलर्ट’ आणि ‘डिस्कव्हरी’ ही जहाजे उत्तर ध्रुवाच्या दिशेने निघाली. या घटनांचा परस्परांशी संबंध नाही. तरीही फळ आणि त्याचा अर्क यांतील भेद जाणण्यासाठी त्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

२/ रसशास्त्रात हिंगुळाच्या शोधनासाठी लिंबाच्या रसाची भावना देतात. म्हणजे चूर्ण रसात भिजवून, रस आटेपर्यंत खलतात. त्यासाठी आंबट रसच हवा. सालीचे तेल कितीही सुगंधी असले, तरी ते रसाची जागा घेऊ शकत नाही.

३/ कारण तेल सालीच्या रंगीत थरातील सूक्ष्म ग्रंथींत असते. ज्योतीजवळ साल पिळली की उडणाऱ्या ठिणग्या त्याच तेलाच्या. आंबटपणा मात्र गरातील रसाचा. त्यातील सायट्रिक आम्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये वेगळे केले. तेलात ना ते आम्ल असते, ना क जीवनसत्त्व.

४/ फळाच्या भागांचा हा विवेक प्राचीन आहे. सुश्रुतसंहिता महाळुंगाची साल, गर आणि केसर यांचे गुण स्वतंत्रपणे सांगते : साल कडू व पचायला जड, गर मधुर व शीत, केसर हलके व भूक वाढवणारे.

५/ आता समुद्राकडे. १७४७ मध्ये जेम्स लिंड याने ‘सॅलिस्बरी’ जहाजावर स्कर्व्हीच्या १२ रुग्णांवर सहा उपचार तपासले. संत्री व लिंबे खाणारे दोघे सर्वांत लवकर बरे झाले. पुढे मात्र त्यानेच रस आटवून टिकाऊ पाक करण्याची शिफारस केली. त्या उष्णतेत रसाचे औषधी सत्त्व बरेचसे नष्ट होत असे.

६/ याहून मोठी चूक नावाची होती. आरमाराने एकोणिसाव्या शतकात भूमध्य प्रदेशातील ‘लेमन’ सोडून वेस्ट इंडीजचे ‘लाइम’ स्वीकारले. दोन्ही आंबट, म्हणून गुणही सारखेच, असे मानले गेले. १८७५च्या मोहिमेसोबत लाइमचा रस होता; तरीही स्कर्व्ही उद्भवली आणि १८७६ मध्ये मोहीम आवरती घ्यावी लागली.

७/ १९१८ मध्ये हॅरिएट चिक आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की लाइमच्या ताज्या रसाची स्कर्व्हीरोधक शक्ती लेमनच्या सुमारे चौथाईच असते. साठवलेल्या रसात तर ती जवळजवळ उरतच नाही. मराठीत दोन्ही फळे ‘लिंबू’च! पनवेलच्या बाजारातील कागदी लिंबू हे ‘लाइम’च्या कुळातले, लिंडचे फळ ते नव्हे.

८/ म्हणून इतिहासप्रेमींनी दोन सोपे अभिमान टाळावेत. सुश्रुताने भाग ओळखले, याचा अर्थ त्याला क जीवनसत्त्व ठाऊक होते, असा नाही. आणि लिंडने प्रयोग केला, याचा अर्थ युरोपला उत्तर मिळाले, असाही नाही; हाती आलेले उत्तर शंभर वर्षांनी निसटले.

९/ ‘लिंबाने स्कर्व्ही बरी होते’ हे वाक्य इतिहास म्हणून अपुरे आहे. कोणते लिंबू, त्याचा कोणता भाग, ताजा की आटवलेला, हे विचारल्यावरच ते खरे ठरते. हे प्रश्न न विचारण्याची किंमत ध्रुवाकडे गेलेल्या खलाशांनी मोजली.