रिकामा दिसणारा ड्राइव्ह

मुंजीचे फोटो, आजीच्या ओव्या, अज्जांची कन्नड पदं ज्या ड्राइव्हवर जपून ठेवली, तोच एक दिवस रिकामा दिसला तर? घाबरू नका, आणि लगेच नवा बॅकअपही घेऊ नका. नाहीतर घोळ आणखी वाढेल.

लिनक्समध्ये ड्राइव्ह एखाद्या फोल्डरला जोडावा लागतो. याला ‘माउंट’ म्हणतात. जोडणी झाली नसेल, तर दिसतो तो संगणकातलाच रिकामा फोल्डर. टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके’ ही इंग्रजी अक्षरं लहान लिपीत टाइप करा. ड्राइव्हच्या विभागापुढे फोल्डरचा पत्ता नसेल, तर तो जोडलेला नाही.

उलटही घडतं. ड्राइव्ह जोडलेला नसताना घेतलेला बॅकअप त्या फोल्डरमध्येच पडतो आणि पुढे ड्राइव्ह जोडला की त्याच्याखाली झाकला जातो. ड्राइव्ह ‘अनमाउंट’ करा, तो पुन्हा दिसेल. आधी शोधा, मगच हळहळा!