सभेतील मौन आणि सभेची रचना

ग्रामसभा सर्वांना खुली असते, तिथे बोलण्यास कोणी अडवत नाही, म्हणून जो बोलत नाही त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही नसते, असे एक मत सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांविषयी लिहिताना मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. वनव्यवस्थापन आराखडा, म्हणजे गावाने आपले जंगल कसे राखावे आणि वापरावे याची लेखी योजना, चार जाणत्यांनी बसून करावी आणि इतरांनी हात वर करावेत, हा त्या मताचा पुढचा टप्पा होय. वरवर व्यवहारी वाटणारे हे मत मुळातच चुकीचे आहे.

एका वेळी एकानेच बोलायचे अशी ज्या सभेची रीत असते, तिथे मौन हा माणसाचा गुण नसून त्या रीतीचा परिणाम असतो. सर्वांनी एकत्र बसून, टीका न करता, मोठ्याने कल्पना मांडाव्यात ही विचारमंथनाची पद्धत ॲलेक्स ऑस्बॉर्न या अमेरिकन जाहिरात व्यावसायिकाने लोकप्रिय केली. परंतु १९५८ साली येल विद्यापीठातील प्रयोगात चौघांच्या गटापेक्षा तेवढ्याच माणसांनी एकेकटे बसून सुचवलेल्या कल्पना, पुनरुक्ती वगळूनही, अधिक भरल्या. मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये याचे मुख्य कारण दाखवले ते असे की, एक बोलत असता इतरांना थांबावे लागते आणि त्या खोळंब्यात त्यांच्या मनातले विरून जाते. गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेड्याच्या परिसरात हा खोळंबा दुप्पट होतो, कारण कागद शासकीय मराठीत वाचला जातो आणि घरात गोंडी, छत्तीसगढी किंवा झाडीबोली बोलली जाते. मनातले वाक्य त्या मराठीत जुळवून होईपर्यंत चर्चा मोहावरून बांबूवर गेलेली असते. मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि ती आग पुष्कळदा वणवा होते. कोणत्या झाडाखाली खराट्याने झाडून भागते, कुठे उतारामुळे आग आवरत नाही, जाळी अंथरली तर किती घरांना ती पुरेल, हे मार्च-एप्रिलच्या पहाटे वाकून फुले वेचणाऱ्या बाईला ठाऊक असते. ती मागच्या रांगेत बसते, आणि चार जाणते ‘वणवा प्रतिबंध करावा’ एवढे लिहून पुढच्या विषयाकडे वळतात. अशा ओळीला आराखडा म्हणणे ही गावाची फसवणूक आहे.

अबोलपणा हा स्वभावच असतो म्हणावे, तर तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, सत्तर पानांच्या पुड्यांच्या मोजणीत चूक झाली की तीच बाई गप्प राहत नाही. सर्वांचे ऐकून घेण्यात वेळ जातो हे खरे, परंतु न पटलेला नियम गावाकडून पाळून घेण्यात त्याहून अधिक वेळ जातो. ‘त्यांना बोलता येत नाही’ हा युक्तिवादही नवा नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर स्त्रिया पंचायतीत आल्या तेव्हा तो याच शब्दांत झाला होता, आणि ज्यांनी तो केला त्यांनीच नवऱ्यांना सरपंचाच्या खुर्चीशेजारी बसवून घेतले.

करायचे काय, याचा निम्मा भाग कायद्यातच आहे. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, आणि वनहक्क नियमांनुसार ग्रामसभेतील उपस्थितांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. उपस्थिती म्हणजे सहभाग नव्हे, म्हणून प्रश्न काही दिवस आधी टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, तिथल्या बोलीत पोहोचवावा, लहान गटांत मागच्या रांगेपासून पाळीपाळीने बोलणे व्हावे, पदाधिकाऱ्यांनी शेवटी बोलावे आणि सूचना नावाशिवाय नोंदवाव्यात. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट, म्हणजे निर्णयाची घाई नसलेली चर्चेची बैठक, ग्रामसभेपासून वेगळा ठेवला आणि निर्णय बहुमताऐवजी सर्वसहमतीने घेतले. तिथे एकाचा नकारही ओलांडता येत नाही, त्यामुळे गप्प बसलेल्याला विचारणे सभेला भाग पडते. कुरखेड्याच्या गावांना याची सुरुवात मोहाच्या हंगामाआधी, वणव्याच्या एकाच प्रश्नापासून करता येईल.